मल्टिकोर केबलमधील व्होल्टेज ड्रॉप आणि केबलचा आकार

मल्टिकोर केबल म्हणजे एकाच आवरणात अनेक वेगळ्या तारा (कोर) असलेली केबल. तिच्यातून प्रवाह वाहताना तारेच्या रोधामुळे दाबाचा (व्होल्टेजचा) काही भाग वाटेतच खर्च होतो. स्टार्टरपाशी असलेले व्होल्टेज आणि मोटरच्या टर्मिनलला मिळणारे व्होल्टेज यांतला फरक म्हणजे व्होल्टेज ड्रॉप. केबलचा आकार ठरवताना दोन गोष्टी तपासाव्या लागतात : तार न तापता प्रवाह पेलते का, आणि ड्रॉप मर्यादेत राहतो का. घरातल्या आखूड वायरिंगमध्ये पहिली कसोटी पुरते. विहीर, बोअर आणि शेततळ्याच्या पंपांना मात्र केबलची लांबीच आकार ठरवते.

तीन फेजसाठी सूत्र असे : ड्रॉप (व्होल्ट) = १.७३२ × प्रवाह (अँपिअर) × लांबी (किमी) × रोध (ओहम प्रति किमी) × पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या भागाचे प्रमाण). सिंगल फेजला १.७३२ च्या जागी २ येतात, कारण प्रवाह जातो तितकीच लांबी परतही येतो. काटेकोर सूत्रात प्रेरणी रोधाचेही (एसी प्रवाहाला तारेभोवतीच्या चुंबकीय परिणामामुळे होणाऱ्या अडथळ्याचेही) एक पद असते. मल्टिकोर केबलमध्ये तिन्ही कोर एकमेकांना खेटून असल्याने ते किलोमीटरला साधारण ०.०८ ते ०.१ ओहम इतकेच भरते. पंपाच्या बारीक केबलला ते सोडून दिले तरी चालते; ५० चौरस मिमीच्या पुढे मात्र सोडू नये.

उदाहरणादाखल ७.५ एचपीची पाणबुडी मोटर घेऊ. प्रवाह १३ अँपिअर, पॉवर फॅक्टर ०.८५, पुरवठा ४१५ व्होल्ट. स्टार्टरच्या खोलीपासून बोअर १८० मीटरवर आणि मोटर १२० मीटर खोल, म्हणजे केबल ३०० मीटर. बोअरची खोली धरायची आणि शेतातले अंतर विसरायचे, हा प्रकार सर्रास चालतो. लवचिक तांब्याच्या केबलचा २० अंश सेल्सिअसला रोध किलोमीटरला असा : २.५ चौरस मिमीला ७.९८ ओहम, ४ ला ४.९५, ६ ला ३.३० आणि १० ला १.९१. पीव्हीसी केबल ७० अंशांपर्यंत चालते आणि तिथे रोध सुमारे १.२ पट होतो.

हिशेब केला की २.५ च्या केबलवर ५५ व्होल्ट जातात, ४ वर ३४, ६ वर २३ आणि १० वर १३. तापण्याच्या कसोटीवर २.५ ची केबल १३ अँपिअर पेलते, पण ड्रॉप १३ टक्क्यांवर जातो. आयएस ७३२ या भारतीय मानकात सार्वजनिक पुरवठ्यावरच्या मांडणीसाठी मर्यादा प्रकाशाला ३ टक्के आणि इतर वापराला ५ टक्के आहे. ४१५ वर ५ टक्के म्हणजे पावणेएकवीस व्होल्ट. ६ ची केबल तिथे थोडक्यात हुकते. पाण्यातला भाग थंड राहत असल्याने प्रत्यक्ष ड्रॉप थोडा कमी भरतो, म्हणून पुरवठा चांगला असेल तर ६ वर भागतेही. फीडरच्या (उपकेंद्रातून येणाऱ्या वीजवाहिनीच्या) शेपटीला असलेल्या गावात, जिथे डीपीवरच (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरच) दाब कमी असतो, तिथे १० चीच घ्यावी.

पंपाला असते तशा इंडक्शन मोटरचा टॉर्क (फिरवणारा जोर) व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो : दाब १० टक्के घटला की टॉर्क ८१ टक्क्यांवर येतो. पाण्याचा भार तोच असल्याने मोटर जास्त अँपिअर ओढते, वायंडिंग (मोटरमधले तारेचे वेटोळे) तापते. सुरू होताना प्रवाह कैक पट असतो आणि ड्रॉपही वाढतो. मोटर नुसती भुणभुणत राहते आणि दोष कॅपॅसिटरला किंवा बेअरिंगला दिला जातो. स्टार्टरच्या पेटीवरचा व्होल्टमीटर इथे उपयोगाचा नाही, तो केबलच्या अलीकडचा दाब दाखवतो. मोटर बंद असताना तपासले तर दाब पूर्णच दिसणार : प्रवाह नाही, तर ड्रॉपही नाही.

वाया जाणाऱ्या वीजशक्तीचा हिशेब वेगळा. वरच्या उदाहरणात ४ च्या केबलमध्ये सुमारे ९०० वॉट उष्णता होतात, १० च्या केबलमध्ये ३५०. महाराष्ट्रात एप्रिल २०२४ पासून ७.५ एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत विजेची योजना असल्याने हे वॉट कोणी मोजत बसत नाही. जळालेल्या मोटरच्या रिवाइंडिंगचा खर्च मात्र शेतकऱ्याच्याच खिशातून जातो.

स्टार-डेल्टा स्टार्टर मोटर आधी स्टार जोडणीत कमी दाबावर सुरू करतो आणि मग डेल्टा जोडणीत पूर्ण दाबावर चालवतो; त्याला मोटरपर्यंत तीन-तीन कोरच्या दोन केबल जातात. तांबे दुप्पट झाले म्हणजे ड्रॉप निम्मा, असा समज वायरमन मंडळींतही आढळतो. डेल्टात प्रत्येक कोरमधून लाइन प्रवाहाचा ५८ टक्के भाग वाहतो, पण एका वायंडिंगच्या वाटेत दोन कोर येतात. म्हणून ड्रॉप निम्मा न होता दोन-तृतीयांश होतो. ४ चौरस मिमीच्या दोन केबल ६ च्या एका केबलइतकेच काम देतात.

ॲल्युमिनियमचा विशिष्ट रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट आहे. त्यामुळे तांब्याच्या १० ऐवजी ॲल्युमिनियमची १६ ची केबल घ्यावी लागते. डीपीपासून येणारी साडेतीन कोर केबल बहुधा ॲल्युमिनियमची असते. तिच्यातला अर्धा कोर म्हणजे बारीक न्यूट्रल, उदाहरणार्थ २५ ला १६ किंवा ५० ला २५. तिन्ही फेजवर सारखा भार असला की न्यूट्रलमधून फारसा प्रवाह वाहत नाही, म्हणून ही काटकसर चालते. त्याच केबलवरून एका फेजवर घरे आणि गोठे जोडले, की न्यूट्रलचा ड्रॉपही हिशेबात धरावा लागतो.