लोड आठ, पण प्रोसेसर रिकामा

शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीत लिनक्स वर्कस्टेशनवर कास्टिंगचं सिम्युलेशन चालू आहे असं समजा. पडद्याच्या कोपऱ्यात एक्सलोडचा, म्हणजे मशीनवरचा लोड दाखवणाऱ्या प्रोग्रामचा, छोटा आलेख. तो अचानक आठवर चढतो. प्रोसेसर किती वापरला जातोय ते दाखवणारी टॉप कमांड उघडून पाहावं तर प्रोसेसर जवळपास रिकामा! मग ‘आलेखच बिघडलाय’ म्हणून मशीन रीस्टार्ट होतं आणि रात्रभराचं गणित वाया जातं. हे टाळता येतं.

लोड म्हणजे प्रोसेसरच्या वापराची टक्केवारी नव्हे. साखर कारखान्यात गव्हाणीवर लागलेली ट्रॉली आणि मागे खोळंबलेल्या ट्रॉल्या मिळून जेवढ्या, तेवढा लोड. इथे ट्रॉली म्हणजे प्रोसेस, मशीनवर चालू असलेलं एकेक काम. म्हणून आठ हा आकडा चार कोअरच्या (एकेका वेळी एकेक काम ओढणाऱ्या प्रोसेसरमधल्या भागांच्या) मशीनवर जड, सोळा कोअरवर हलका. एनप्रॉक ही कमांड किती कोअर वापरता येतात ते सांगते. आधी ते बघावं.

लिनक्सची गोष्ट आणखी वेगळी आहे. 1993 पासून त्यात डिस्कसाठी अडकून पडलेल्या प्रोसेसही लोडमध्ये धरतात. त्याआधी वेगवान डिस्क काढून मंद डिस्क लावली की लोड उलट कमी दिसायचा, कारण वाट पाहणारे मोजलेच जात नव्हते. मला हा बदल अगदी योग्य वाटतो. काम तुंबलंय हे तर आकड्यात दिसायलाच हवं.

तेव्हा प्रोसेसची यादी देणाऱ्या पीएस कमांडच्या ‘स्टॅट’ रकान्यात ‘डी’ शोधा, म्हणजे अशी अडकून पडलेली प्रोसेस. आठ प्रोसेस ‘डी’मध्ये असतील तर आलेख खरंच बोलतोय. नेटवर्कवरून जोडलेली डिस्क गायब झाली असेल किंवा आतली डिस्क शेवटच्या घटका मोजत असेल. अशा प्रोसेस किल कमांडने बंद करायला गेलं तरी बहुधा हटत नाहीत. डिस्क परत यावी लागते.

आलेख मुळात उमटतच नसेल तर कारण निराळं. जुन्या युनिक्सवर एक्सलोड थेट कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, मेमरीतून आकडा उचलायचा. ती मेमरी दाखवणारी फाइल वाचायची परवानगी नसली की गाडी तिथेच अडायची. लिनक्सवर तोच आकडा प्रॉक फोल्डरमधल्या लोडॲव्हग फाइलमध्ये उघडा असतो. कॅट कमांडने ती वाचून आलेखाशी ताडून पाहा.

त्या फाइलीत पहिले तीन आकडे 1, 5 आणि 15 मिनिटांचे. ही साधी सरासरी नाही, जुन्या नोंदींचं वजन हळूहळू घटत जातं. शून्यावरून एकच प्रोसेस पूर्ण मिनिटभर राबली तरी पहिला आकडा 0.63 च्या आसपासच पोचतो. डिस्क परत आल्यावरही तसंच: पहिला आकडा पटकन उतरतो, तिसरा बराच वेळ वरच रेंगाळतो. त्याला पाहून पुन्हा मशीन बंद करू नका.