हेजहॉग आणि घातक खाद्यसल्ले

बागेत येणाऱ्या हेजहॉगला माणसे मायेपोटी चुकीचे अन्न देतात. त्यापासून त्याला वाचवण्यासाठी ब्रिटनमध्ये रूढ झालेल्या पद्धतींची ही नोंद आहे. हेजहॉग म्हणजे साळिंदर नव्हे. साळिंदर कुरतडणाऱ्या प्राण्यांतले, उंदराच्या गोतातले. हेजहॉग चिचुंद्रीच्या जवळचा आणि मुख्यतः किडे-मकोडे खाणारा. मराठीत त्याला जाहक असा शब्द आहे, पण तो कोशाबाहेर फारसा आलेला नाही. ब्रिटिश बागांत दिसतो तो पश्चिम युरोपीय हेजहॉग. अंगावर पाच हजारांच्या आसपास काटे, धोका वाटला की अंगाचा चेंडू. एका रात्रीत एक-दोन किलोमीटर हिंडून तो भुंगेरे, सुरवंट आणि गांडुळे वेचतो. ब्रिटनच्या धोक्यातल्या सस्तन प्राण्यांच्या २०२० सालच्या लाल यादीत त्याची नोंद ‘असुरक्षित’ अशी झाली. २०२४ मध्ये जागतिक लाल यादीतही तो ‘संकटाच्या उंबरठ्यावर’ या वर्गात गेला.

त्याच्यावरची संकटे पुष्कळ आहेत: रस्ते, तोडलेली कुंपणझुडपे, कीटकनाशके. या नोंदीचा विषय मात्र वेगळा आहे. इथे अपाय करणारा माणूस त्याचा हितचिंतकच असतो.

सर्वांत जुना सल्ला बशीभर दूध आणि त्यात भिजवलेल्या पावाचा. हेजहॉग ते पाहता पाहता संपवतो आणि हेच पुरावा म्हणून सांगितले जाते: ‘आमच्याकडे तर आवडीने खातो.’ दुधातली साखर त्याला पचत नाही, त्यामुळे जुलाब होतात. शरीरातले पाणी कमी होते आणि लहान पिल्ले त्यात दगावतात. पावाने पोट भरते, पोषण मिळत नाही. हे सगळे घडते ते बशीपासून दूर, कुठल्या तरी झुडपाखाली. ज्याने दूध ठेवले त्याला सकाळी फक्त चाटूनपुसून स्वच्छ केलेली बशी दिसते. म्हणून हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

मीलवर्मची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. एका जातीच्या भुंगेऱ्याच्या या वाळवलेल्या अळ्या. हेजहॉग मुळात भुंगेरे खातोच, तेव्हा हा सल्ला शहाणपणाचा वाटला आणि अळ्यांच्या पिशव्या घरोघरी पोहोचल्या. अडचण प्रमाणाची आहे. या अळ्यांत कॅल्शियमच्या कितीतरी पट फॉस्फरस असतो. रोज पोटभर खाल्ल्या तर तोल साधण्यासाठी शरीर हाडांतले कॅल्शियम ओढून घेते. हाडे ठिसूळ होतात, चालणे अवघड जाते. सूर्यफुलाच्या बिया आणि शेंगदाणे यांचाही दोष हाच. मिश्र खाद्याच्या वाडग्यावर बसलेले पिल्लू नीट पाहावे: नाकाने दाणे बाजूला सारत ते अळ्या तेवढ्या वेचते आणि बाकीचे तसेच ठेवून निघून जाते. आवड आणि हित यांचा संबंध नसतो, हे लहान मुलांच्या ताटावरून आपल्याला कळते. रानातल्या प्राण्याबाबत मात्र ‘त्याला उपजत कळते’ असे आपण धरून चालतो.

१९८२ साली स्थापन झालेली ब्रिटिश हेजहॉग प्रिझर्वेशन सोसायटी आज जो सल्ला देते तो अगदी साधा आहे: कुत्र्या-मांजरांसाठी मिळणारे मांसाचे खाद्य किंवा मांजराच्या पिल्लांची सुकी बिस्किटे आणि उथळ भांड्यात पाणी. अन्न द्यायचे नसेल तरी पाणी ठेवावेच. मांजरे आणि कोल्हे वाटेकरी होऊ नयेत म्हणून उलट्या ठेवलेल्या खोक्याला सुमारे १३ सेंटिमीटरचे दार कापतात आणि थाळी आत ठेवतात. थाळी रोज धुवावी लागते.

गारठलेल्या हेजहॉगबाबतचा सल्ला सर्वांत घाईने दिला जातो आणि चुकला तर लगेच भोवतो. दिवसा उघड्यावर आडवा पडलेला हेजहॉग ऊन खात पहुडला आहे असे वाटते. बहुतेक वेळा तो आजारी, उपाशी किंवा थंडीने लुळा पडलेला असतो. (भर दिवसा तोंडात पाने घेऊन लगबगीने जाणारी मादी हा अपवाद. ती घरटे करते आहे, तिला जाऊ द्यावे.) काट्यांच्या मुळाशी तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे काही दिसले तर ती माश्यांची अंडी असतात, आणि मग वेळ फार थोडा असतो. अशा प्राण्याच्या तोंडात दूध किंवा साखरपाणी घालणे म्हणजे त्याला मारणे. थंड पडलेले शरीर अन्न पचवू शकत नाही. जाड हातमोजे घालून त्याला उंच कडांच्या खोक्यात ठेवायचे, टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी द्यायची, पण तिच्यापासून सरकायला जागा सोडायची, आणि वन्यजीव उपचार केंद्राला फोन करायचा. खाणे नंतर. पिसवा दिसल्या म्हणून कुत्र्या-मांजराचे औषध त्याच्या अंगावर घालणेही घातक ठरू शकते. त्याच्या अंगावरची पिसू वेगळ्या जातीची असते आणि ती घरातल्या प्राण्यांवर ठाण मांडत नाही.

बागेतल्या इतर प्राण्यांनाही हे लागू आहे. तळलेल्या-भाजलेल्या पदार्थांची उरलेली चरबी पक्ष्यांच्या पिसांना चिकटते. सुके खोबरे पोटात फुगते. अखंड शेंगदाणा घरट्यातल्या पिल्लाच्या घशात अडकतो. चोचीत ओतलेले पाणी श्वासनलिकेत जाते. २००५ पासून ब्रिटनमधल्या ग्रीनफिंच पक्ष्यांत ट्रायकोमोनोसिसची साथ पसरली. या रोगात घसा सुजतो, दाणा गिळवत नाही, लाळेने भिजलेला दाणा तबकडीवर परत पडतो आणि पुढचा पक्षी तोच टिपतो. पक्ष्यांची संख्या इतकी कोसळली की २०२१ साली ग्रीनफिंच ब्रिटनच्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेला. आरएसपीबी या मोठ्या पक्षी संरक्षण संस्थेने २०२५ मध्ये सपाट तबकड्यांची विक्री थांबवली. जाणकारांचा सल्लाही बदलतो; बदललेला ऐकण्याची तयारी हवी.

शिवाय थाळी ही फक्त जोड आहे. पानांचा आणि लाकडांचा ढीग न हलवता तसाच राहू दिला, तळ्यातून बाहेर यायला उतार ठेवला, कुंपणाच्या तळाशी १३ सेंटिमीटरचे चौकोनी भोक पाडले, तर हेजहॉग आपले पोट स्वतः भरतो. २०११ पासून चाललेली ‘हेजहॉग स्ट्रीट’ मोहीम अशा भोकांनी शेजारच्या बागा एकमेकींना जोडते. मेटाल्डिहाइड या विषाच्या गोगलगायनाशक गोळ्या बागेत वापरण्यावर ग्रेट ब्रिटनमध्ये २०२२ च्या वसंतापासून बंदी आहे. आणि जिथे हा प्राणी मुळात नाही तिथे तो नेऊ नये. गोगलगायी खाईल म्हणून १९७४ मध्ये स्कॉटलंडच्या साउथ यूइस्ट बेटावर तो सोडला गेला. त्याने जमिनीवर घरटी करणाऱ्या पाणथळ पक्ष्यांची अंडी खायला सुरुवात केली, आणि पुढे त्यालाच पकडून बाहेर काढण्याची वेळ आली.

शरद ऋतूत खाद्य बंद केले नाही तर हेजहॉग हिवाळ्याच्या लांब झोपेत जाणारच नाही, अशीही एक भीती सांगितली जाते. पण या शीतनिद्रेआधी त्याला चरबी साठवावी लागते, आणि उशिरा जन्मलेल्या पिल्लांना तर प्रत्येक ग्रॅम मोलाचा. म्हणून थाळी चालू ठेवतात. सलग काही रात्री तिला कोणी शिवले नाही की अन्न थांबवतात, पाणी तेवढे राहू देतात.