पणजोबा फोटोत इतके ताठ का बसले?

जुन्या घरातल्या भिंतीवरचा फोटो आठवा. डोक्यावर पगडी, खांद्यावर उपरणं, एक हात खुर्चीच्या पाठीवर, आणि चेहऱ्यावर हसू औषधालाही नाही. ‘तेव्हा फोटो निघायला फार वेळ लागायचा ना, म्हणून,’ असं उत्तर आपण पाठ केल्यासारखं देतो. ते अर्धंच खरं आहे.

१८३९ साली पॅरिसमध्ये लुई दागेर यांची फोटो काढायची पद्धत जाहीर झाली, तेव्हा भर उन्हातही एका चित्राला कित्येक मिनिटं लागत. देवळं-इमारती तेवढा वेळ थांबतात. माणूस पापणी लवतो, श्वास घेतो. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाचे गणितज्ञ जोसेफ पेट्झवाल यांनी चेहऱ्यांसाठी म्हणून एफ/३.६ इतकी उघडी लेन्स आखली (हा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं). आधीच्या लेन्सपेक्षा ती कितीतरी जास्त उजेड आत घेई. तिचा दोषही मजेशीर होता: मधोमध रेखीव चित्र, कडांना मात्र गरगरल्यासारखा धूसरपणा. चेहरा आपसूक उठून दिसे. आज मोबाइल गणित करून मागचं दृश्य पुसट करतो, तो परिणाम तेव्हा काचेतच होता.

दागेरच्या पद्धतीत चित्र चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटे; त्यावरच्या थराला ब्रोमीन या रसायनाची जोड मिळाली आणि वेळ आणखी घटला. मार्च १८४१ मध्ये लंडनला रिचर्ड बिअर्ड यांचा स्टुडिओ सुरू झाला, तोही इमारतीच्या छतावर, काचेच्या छपराखाली. वीज नव्हती, सगळी मदार सूर्यावर. युरोपात उत्तरेकडून येणारा उजेड स्टुडिओवाल्यांचा लाडका, कारण त्यात थेट ऊन नसतं. डोळे बारीक होत नाहीत आणि नाकाखाली काळी सावली पडत नाही. ‘खिडकीजवळ, उन्हाच्या तिरिपीबाहेर बसवा’ हा आजचा सल्ला त्याच घराण्यातला.

तरीही काही सेकंद हलायचं नाही म्हणजे शिक्षाच. म्हणून मानेमागे लोखंडी चिमटा असलेला स्टँड लावत. जुन्या फोटोत बुटांच्या मागे त्याचा पाया कधीकधी डोकावतो. खुर्चीवर टेकलेला हातही दिमाखापेक्षा आधारासाठीच होता.

मुंबईला हे वारं लवकर लागलं. १८५४ साली इथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली, पुढच्या वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग भरू लागला. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण ही त्या काळच्या मुंबईकर फोटोग्राफरांतली ठळक नावं. पॅरिसचा फोटोग्राफर दिस्देरी यानं १८५४ मध्येच एका काचेवर आठ छोटे फोटो काढायचं पेटंट घेतलं होतं. फोटो स्वस्त झाला आणि अल्बम भरू लागले.

१८८० च्या दशकात तयार कोरड्या काचा (आधीच रसायनाचा थर लावून वाळवलेल्या) सर्रास मिळू लागल्या आणि चांगल्या उजेडात सेकंदाचा अंशही पुरू लागला. म्हणजे तुमच्या पणजोबांचा फोटो १९१० च्या आसपासचा असेल, तर चिमट्याची गरज केव्हाच संपली होती. तरी ते ताठच बसले. मला वाटतं, फोटो ही त्यांच्या लेखी तैलचित्राची धाकटी बहीण होती. एवढे पैसे मोजून, ठेवणीतले कपडे घालून काढायचा, नातवंडांनी पाहायचा. त्यात दात काढून हसणं हा पोरकटपणा ठरला असता.