पानफुटी (विदर्भातील घरगुती लागवड)

पानफुटी ही जाड, रसाळ पानांची बहुवर्षायू वनस्पती. घायमारी हे तिचे दुसरे मराठी नाव. संस्कृतात पर्णबीज, हिंदीत पत्थरचट्टा किंवा जख्म-ए-हयात. शास्त्रीय नाव कलांचो पिनाटा, पण जुन्या पुस्तकांत ब्रायोफायलम पिनाटम असेही आढळते. कुल क्रॅसुलेसी. मूळची ती मादागास्कर बेटावरची, मात्र विदर्भाच्या खेड्यापाड्यांत इतकी रुळली आहे की तिला परदेशी म्हटले तर सहसा कोणाला पटत नाही. मोरीच्या कडेला, सांदवाडीत (परसात), छपरीच्या खांबाजवळ फुटक्या माठात ती दिसते. तिचे रोप विकत आणायची रीत नाही. ‘एक पान देता का वो काकू?’ एवढे विचारले की काम झाले.

खोड सरळ, पोकळसर, कोवळेपणी तांबूस ठिपक्यांचे. जमिनीत ते पुरुषभर उंच होऊ शकते. लहान कुंडीत हातभर राहते. पाने समोरासमोर, खालची साधी आणि वरची तीन ते पाच दलांची. पानाची कड दंतुर असते आणि दोन दात्यांमधल्या खाचेत एकेक सुप्त कळी दडलेली असते. पान झाडावर असेपर्यंत या कळ्या बहुधा दबूनच राहतात. पान तुटले की खाचेखाचेतून आधी बारीक मुळ्या आणि मग इवली रोपे निघतात. शाकीय प्रजननाचे उदाहरण म्हणून शाळेच्या पुस्तकात ती येते ती यामुळेच. वहीत दडपून ठेवलेल्या पानालाही कोंब येतात, हा प्रयोग पुस्तकात येण्याआधीच पोरांनी केलेला असतो. जर्मन कवी गटे याला या झाडाचा असाच नाद होता. तो ते घरी वाढवी आणि त्याची पाने मित्रांना पाठवी.

या पानांनी वनस्पतिशास्त्राला एक मोठा धागा दिला, आणि तोही भारतातून. इथे काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हेन यांच्या लक्षात आले की पानफुटीचे पान सकाळी आंबट लागते, दुपारी बेचव होते आणि संध्याकाळकडे किंचित कडवट. हे निरीक्षण १८१५ मध्ये छापून आले. कारण बऱ्याच काळाने उलगडले. बहुतेक झाडे दिवसा पर्णरंध्रे उघडतात. पानफुटी ती मुख्यतः रात्री उघडते. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड ती मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा रंध्रे मिटून त्याच साठ्यावर प्रकाशसंश्लेषण करते. उन्हात रंध्रे बंद असल्याने पाणी फारसे उडत नाही. या पद्धतीच्या इंग्रजी नावात क्रॅसुलेसी कुलाचेच नाव आहे. चव पाहण्याचा मोह मात्र टाळावा. कारण पुढे येईल.

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सियसच्या पुढे जातो, म्हणून हे झाड उन्हाळ्यात जाईल असे वाटते. प्रत्यक्षात ते जास्त करून पावसाळ्यात जाते, आणि त्यात काळ्या मातीचा मोठा हात असतो. कपाशीला जी माती सोन्यासारखी, तीच कुंडीत घातक. ओली झाली की ती फुगते, चिकट होते, पाणी सोडत नाही आणि मुळे गुदमरून कुजतात. वाळली की आक्रसते, कुंडीच्या भिंतीपासून सुटते. मग वरून ओतलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. म्हणून काळी माती एक वाटा घेतली तर दोन वाटे मुरूम किंवा नदीची जाड वाळू आणि मूठभर कुजलेले शेणखत घालावे. भंडारा-गोंदियाकडे धान पिकते, तिथे धानाच्या तुसाची राख थोडी मिसळता येते. वीटभट्टीजवळच्या गावांत विटांचा चुरा उत्तम. ताजे शेण कदापि नको.

कुंडीपेक्षा तिच्या बुडाचे भोक महत्त्वाचे. तेलाचा डबा, रंगाची बादली, फुटका माठ, काहीही चालते. तापवलेल्या सळईने दोन-तीन भोके पाडून त्यांवर फुटक्या कवेलूचा (कौलाचा) तुकडा पालथा ठेवावा. पत्र्याचा डबा उन्हात फार तापतो, त्यामुळे उन्हाळ्यात मातीचे भांडे बरे.

नवे रोप करायला नुसते पान पुरेसे नाही असा भलताच समज काहींचा असतो. जून, निब्बर पान ओलसर मातीवर आडवे ठेवावे, पुरू नये. साधारण दोन आठवड्यांत कोंब दिसतात. रोपांना स्वतःची दोन-तीन पानांची जोडी आली की ती वेगळी करावीत. दसऱ्यानंतरचा काळ यासाठी सोयीचा, कारण हवा कोरडी होत असते आणि थंडी अजून बोचरी नसते.

पाणी किती, याला आकडा नाही. मातीत बोटाचे दोन पेर खुपसावे. ओल लागली तर पाणी घालू नये. हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी एकदा घातले तरी भागते. पावसाळ्यात कुंडी छपरीत ओढून घ्यावी. बुलढाणा-अकोल्याकडे वर्षाला साधारण ८०० मिमी. पाऊस पडतो, गडचिरोलीत त्याहून कितीतरी जास्त. पूर्वेकडे ही काळजी अधिक घ्यावी लागते. उन्हाळ्यात सकाळचे कोवळे ऊन आणि नंतर सावली, असे ठिकाण हवे. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, झाड वाढायचे थांबते, पाने थोडी लवतात. घाबरून भर दुपारी पाणी ओतू नये, तापलेल्या मातीत मुळे भाजतात; दिवस कलल्यावर द्यावे. कूलरखाली गारवा असतो म्हणून कुंडी तिथे सरकवली जाते. ताट्यांतून टपकणारे पाणी सतत पडत राहिले की खोड बुडातून काळे पडून मऊ होते. कूलरच्या टाकीत उरलेले पाणीही कुंडीत ओतू नये. बाष्प उडून त्यात क्षार साचलेले असतात. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात तर विहिरी-बोअरचे पाणीच खारट. तिथे कुंडीच्या काठावर पांढरा थर चढतो. साठवलेले पावसाचे पाणी मिळाले तर उत्तम, नाहीतर माती दरवर्षी बदलावी.

शहरांतल्या रोपवाटिकांमधून हॉवर्थिया, एचेव्हेरिया, जेड अशी बोटभर रसाळ रोपे आता गावांपर्यंत येतात. ती बहुधा नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) लावलेली असतात. ते पाणी फार वेळ धरून ठेवते, आणि पहिल्याच पावसाळ्यात रोप बसते. आणल्यावर लगेच वर सांगितलेल्या माती-मुरमाच्या मिश्रणात हलवावे. पानफुटीइतकी सोशिक ती नाहीत.

पिठ्या ढेकूण ही मुख्य कीड. कपाशीवरून ती शेतकऱ्यांच्या ओळखीची आहे. पेरांजवळ कापसासारखे पांढरे पुंजके दिसले की स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बोळ्याने पुसून काढावेत. फार झाले तर निंबोळी अर्क फवारावा. शेतातला फवारणी पंप त्यासाठी वापरू नये. त्यात तणनाशकाचा अंश उरला असेल तर ढेकणांबरोबर झाडही संपते.

घाय म्हणजे जखम. पान गरम करून जखमेवर बांधायची जुनी चाल आहे, नाव त्यावरूनच पडले. मुतखड्यावर पाने चावून खाण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. आयुर्वेदातला पाषाणभेद म्हणून पानफुटी दाखवणारे पुष्कळ भेटतात, पण त्या नावाखाली प्रामुख्याने घेतली जाणारी वनस्पती हिमालयातली बर्जेनिया आहे. पानफुटीत बुफाडायनोलाइड प्रकारची, हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात. तिच्या जवळच्या जातींनी ऑस्ट्रेलियात गुरे दगावलेली आहेत, आणि फुलोऱ्यात विष अधिक असते. बकरी किंवा वासरू पोचेल अशा जागी कुंडी नको. मुतखडा दुखत असेल तर दवाखाना गाठावा.

फुले हिवाळ्यात येतात: उंच दांड्यावर उलट्या लटकलेल्या, हिरवट-तांबूस कंदिलांसारखी. घरात, कमी उजेडात ठेवलेले झाड क्वचितच फुलते. बहर सरला की दांडा वाळतो आणि झाड बुडातून उघडे, लांबट दिसू लागते. तेव्हा ते वीतभर ठेवून छाटावे. छाटलेले तुकडे उकिरड्यावर टाकले तर पहिल्या पावसानंतर तिथेही पानफुटी उगवते.