मॅग्लेव्ह : गाडी तरंगली, पुलाचे काय?

भारतीय रेल्वेपुलांच्या प्रमाणित गाळ्यांमध्ये (दोन खांबांमधल्या अंतरांत) 24.4 मीटर हे एक माप आहे; सांगली-मिरजेकडच्या रेल्वेपुलांवर काम करणाऱ्याला ते तोंडपाठ असते. शांघायच्या मॅग्लेव्हचा, म्हणजे चुंबकांच्या बळावर मार्गाला न टेकता तरंगत धावणाऱ्या गाडीचा, गर्डर (मार्गाची तुळई) 24.768 मीटरचा. फरक हातभरही नाही. पण आपली गाडी ताशी 110 किमीने धावली तर असा गाळा सेकंदाला सव्वा वेळा ओलांडण्याच्या गतीने जाते, आणि शांघायची ताशी 431 ला 4.8 वेळा. गर्डरची स्वतःची वारंवारिता (तो आपणहून सेकंदाला किती वेळा थरथरतो) या आकड्याच्या जवळ आली की लचक वाढत जाते, म्हणून ती बरीच वर ठेवावी लागते.

24.768 हा विचित्र आकडा मोटरमधून आला. मार्गाखाली पसरलेल्या लांब स्टेटरचे (मोटरच्या स्थिर भागाचे) एक ध्रुवांतर, म्हणजे शेजारच्या दोन चुंबकीय ध्रुवांमधले अंतर, 258 मिमी, अशी 96 अंतरे म्हणजे एक गर्डर. गाडीचा एक चुंबक 12 अंतरांचा, 3.096 मीटर लांब. एका गर्डरवर बरोबर आठ बसतात. पूल इथे मोटरचाच भाग आहे, हे सिव्हिलवाल्यांच्या गळी उतरायला वेळ लागतो.

धावत्या भाराचा प्रश्न मॅग्लेव्हच्या कितीतरी आधीचा. 1847 मध्ये इंग्लंडात चेस्टरजवळ डी नदीवरचा ओतीव लोखंडाचा पूल गाडीखाली मोडला. चौकशीच्या निमित्ताने रॉबर्ट विलिस यांनी प्रयोग केले आणि 1849 मध्ये गणितज्ञ स्टोक्स यांनी गणित मांडले : तोच भार उभा असताना पट्टी जेवढी वाकते, त्याहून धावताना जास्त वाकू शकते. मॅग्लेव्हला यात एक सवलत मिळते. चाकांचे ठोके नाहीत, वजन चुंबकांच्या सलग रांगेतून पसरते. अडचण वेगळीच येते.

हर्मन केम्पर यांना 1934 मध्ये जर्मनीत पेटंट मिळाले ते आकर्षणाच्या पद्धतीचे; शांघायची गाडीही त्याच पद्धतीची. चुंबक रुळाखालून वर खेचला जातो आणि फट साधारण 10 मिमी राखायची. प्रवाह तोच ठेवून फट निम्मी झाली तर ओढ चौपट होते. म्हणजे मोकळे सोडले तर चुंबक रुळाला चिकटणार नाहीतर गाडी खाली बसणार. सेन्सर सतत फट मोजतो आणि कंट्रोलर प्रवाह कमीजास्त करतो. आता रूळच हलणाऱ्या गर्डरवर असेल तर? गर्डर खाली गेला, फट कमी झाली, कंट्रोलरने प्रवाह घटवला. पण हे सारे थोडे उशिरा. तो उशीर गर्डरच्या वारंवारितेला नेमका वाईट जुळला की कंट्रोलर दर फेरीला गर्डरला थोडी ऊर्जा देत राहतो आणि थरथर वाढत जाते.

गंमत म्हणजे हे बहुतेकदा उभ्या किंवा रांगणाऱ्या गाडीत घडते. वेगात गाळा पटकन मागे पडतो, थरथर साठायला वेळ मिळत नाही. उसाने भरलेल्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुलावर नुसता उभा राहून पूल हलवत नाही. मॅग्लेव्ह हलवू शकते. हलक्या पोलादी गर्डरवर, विशेषतः डेपोत आणि रूळबदलाच्या जागी, हा त्रास जास्त. अमेरिकेत नॉरफोकच्या ओल्ड डोमिनियन विद्यापीठात 2002 च्या सुमारास कमी खर्चाचा उन्नत मार्ग उभारला. गाडी तरंगली, पण मार्गाशी तिचे जमले नाही आणि प्रवासी सेवा कधीच सुरू झाली नाही.

उपाय तीन : गर्डर जड आणि ताठ करणे, अवमंदन (थरथर जिरवण्याची क्षमता) वाढवणे, किंवा कंट्रोलरला गर्डरच्या वारंवारितेवर गप्प बसवणारा फिल्टर लावणे. पहिला सर्वांत खात्रीचा आणि सर्वांत महाग. फिल्टर स्वस्त, मात्र तो बसवण्याआधी प्रत्यक्ष उभारलेल्या गर्डरची वारंवारिता मोजलीच पाहिजे, कागदावरची चालत नाही.

लचक कमी करायला दोन गाळ्यांवर सलग गर्डर टाकतात. दोन्ही गाळे भरलेले असताना लचक सुट्या गर्डरच्या साधारण 40 टक्क्यांवर येते, एकच भरला तर 70 टक्क्यांवर. पहिली वारंवारिता मात्र तीच राहते, कारण त्या कंपनात एक गाळा वर, दुसरा खाली जातो आणि मधला टेकू जणू नसतोच. गाळा लांबवून खांब वाचवण्याचा मोह तर टाळावाच : गर्डरचा आडवा छेद तोच ठेवून लांबी दुप्पट केली की वारंवारिता चौथाई होते.

जपानने वेगळी वाट धरली. पॉवेल आणि डॅनबी यांनी 1966 मध्ये मांडलेल्या अतिवाहक (विजेला अजिबात रोध न करणाऱ्या तारांच्या) चुंबकांच्या कल्पनेवर तिथले काम उभे राहिले. फट सुमारे 100 मिमी, बाजूच्या भिंतींत इंग्रजी आठाच्या (8) आकाराची तारांची वेटोळी. गाडी ताशी 150 किमीच्या आसपास येईपर्यंत चाकांवर धावते. 2015 मध्ये यामानाशीत तिने 603 गाठले. एवढ्या फटीत गर्डरची दोन-चार मिलिमीटर लचक सहज पोटात जाते. पण या पद्धतीत स्वाभाविक अवमंदन फार थोडे, ते बाहेरून पुरवावे लागते.

10 मिमीच्या फटीला ऊनही पुरते. दुपारी गर्डरचा माथा तापतो, तळ थंड राहतो आणि गर्डर मधोमध वर उचलला जातो. पायाचे तेच. शांघायच्या मऊ मातीमुळे खांबांच्या बैठकी नंतर सरकवता येतील अशा ठेवाव्या लागल्या. कृष्णाकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. इथे असा मार्ग कधी आखलाच तर पाया मुरुमाखालच्या पक्क्या खडकात नेण्याला पर्याय नाही.