आग्नेयेची चूल आणि पाऊण इंची नळी

न्यू जर्सीत मुलाच्या घरी आलो की उन्हाळ्यात मला काही काम नसतं. यंदा मिळालं. मागच्या अंगणात बाहेरचं स्वयंपाकघर बांधायचं ठरलं: एक ओटा, त्यात बसवलेली ग्रिल, शेजारी साधी शेगडी. ऐन कणसं भाजताना सिलिंडर संपतो, म्हणून घरात येणाऱ्या नैसर्गिक वायूच्या लाइनलाच फाटा काढायचा होता. गॅसचा मीटर घराच्या वायव्य कोपऱ्यात, मागचं दारही तिथंच, त्यामुळे ओटा पंधरा-वीस फुटांवर आला असता. पण कोल्हापूरहून विहीणबाई आल्या होत्या. त्यांनी मोबाइलमधलं होकायंत्र उघडून अंगणभर फेरी मारली आणि निकाल दिला, "चूल आग्नेयेलाच हवी." वीस फुटांचे साठ झाले.

प्लंबरने मीटरवरचा आकडा टिपला, ग्रिलमागची पाटी वाचली आणि पाऊण इंची नळी लागेल म्हणाला. मुलगा म्हणाला, "घरातल्या शेगडीला अर्धा इंची आहे, चालते की! पाव इंचाने काय होतंय?" त्यावर विहीणबाई, "नळी केवढीही टाका हो, पाइपच्या गॅसला जोरच नसतो. पुण्याला भाचीकडे बघितलंय मी, भाकरी फुगतच नाही."

एकतीस वर्षं मी पोरांना प्रवाहांचं शास्त्र शिकवलं, पण इतके चांगले दोन प्रश्न एका दमात मला कधी कुणी विचारले नव्हते.

आधी त्या जोराबद्दल. पाइपात गॅस कोंबून भरलेला असतो, अशी आपली समजूत असते. इथे घरात वायू येतो तो साधारण सात इंच पाण्याच्या दाबाने. उंच पेल्यात सात इंच पाणी घ्या, स्ट्रॉ तळापर्यंत घाला आणि हलकेच फुंका. पहिला बुडबुडा सुटतो त्या क्षणी तुमच्या गालांत जो दाब असतो, तेवढाच नळीतल्या वायूला असतो. याच मापात वातावरणाचा दाब 407 इंच भरतो. म्हणजे नळीतला वायू बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम पावणेदोन टक्के जास्त दाबाखाली आहे. आणि या सात इंचांपैकी मीटरपासून शेगडीपर्यंतच्या वाटेत किती घालवायचे? सहसा फार तर अर्धा इंच. खिशात पैसे इतके थोडे असले की वाटखर्चाचा हिशेब काटेकोर करावा लागतो.

दाब खर्च होतो तो घर्षणात. भिंतीलगतचा वायूचा थर भिंतीला जवळजवळ चिकटून असतो, मधला पळत असतो आणि थरांच्या या ओढाताणीत दाब झिजतो. लांबी दुप्पट झाली की झीज दुप्पट, हे सरळच आहे. व्यास कमी झाला की वायूच्या प्रत्येक कणाला भिंत जवळ येते, म्हणून झीज व्यासाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. प्रवाह खळबळता असेल तर ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढते. आता इथे मजा आहे. वेग हा काही स्वतंत्र नाही. तासाला ठरावीक वायू पोचवायचाच असेल तर अरुंद नळीत तो जोरात पळवावा लागतो. नळीचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर ठरतं, म्हणून वेग व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. वेगाचा वर्ग म्हणजे व्यासाचा चौथा घात. भिंतीच्या जवळिकीचा एक घात आधीचा होताच. झाला पाचवा! व्यास दुप्पट केलात तर तेवढाच वायू नेताना दाबाची झीज बत्तिसाव्या हिश्शावर येते.

खरं तर आमच्या नळीतला प्रवाह ना पुरता शांत, ना पुरता खळबळता. त्याचा रेनॉल्ड्स अंक, म्हणजे प्रवाह शांत की खळबळता हे सांगणारा आकडा, दोन-तीन हजारांच्या आसपास येतो, म्हणजे बरोबर उंबरठ्यावर. पूर्ण शांत प्रवाहात चौथा घात चालतो. तो नियम एकोणिसाव्या शतकात पॉयझय या फ्रेंच डॉक्टरने बारीक काचनळ्यांवर प्रयोग करून काढला, आणि त्याला कुतूहल होतं ते रक्तवाहिन्यांचं. गॅसच्या नळ्यांचे तक्ते ज्या सूत्रावर बेतलेले आहेत त्यात हा घात साधारण 4.85 पडतो. विहीणबाई इथवर ऐकून चहा टाकायला आत गेल्या.

मुलगा मात्र बसून होता, कारण पैसे त्याचे होते. त्याला आकडे दिले. बाजारात जिला अर्धा इंची म्हणतात त्या लोखंडी नळीची आतली पोकळी 0.622 इंच असते आणि पाऊण इंचीची 0.824 इंच. व्यास सव्वापटीहून थोडा जास्त, क्षेत्रफळ पावणेदोनपट, पण दाबाची झीज थेट चौथा हिस्सा. तक्ता सांगतो की अर्धा इंच दाब घालवायची मुभा असेल तर साठ फुटांवर अर्धा इंची नळी तासाला 65 घनफूट वायू देते, पाऊण इंची 137. एका घनफुटातून साधारण 1,000 बीटीयू उष्णता मिळते. आमची ग्रिल तासाला 60,000 बीटीयूची, शेगडी 12,000 ची, म्हणजे तासाला 72 घनफूट हवेत. ही उष्णता 21 किलोवॅट होते. आपल्याकडची शेगडीची मोठी चूल दोनेक किलोवॅटची असते, हे लक्षात घ्या. म्हणूनच घरातल्या शेगडीला पुरणारी नळी इथे पुरत नाही. शिवाय वाटेतला प्रत्येक एल्बो, वळणावरचा जोड, म्हणजे आणखी दीड-दोन फूट नळी धरायची.

वीस फुटांवर हीच अर्धा इंची नळी 118 घनफूट देते. म्हणजे वायव्येला तिने आरामात भागलं असतं. आग्नेयेपायी चाळीस फूट जास्त चर खणला गेला आणि नळी जाड झाली. अग्नीची दिशा ज्यांनी ठरवली त्यांच्या काळी अग्नीला नळी नव्हती. दिशा बघायचीच तर वाऱ्याची बघावी, म्हणजे निदान धूर घरात येत नाही. हे मी विहीणबाईंसमोर बोललो नाही. सोयरीक आहे.

खणण्याआधी 811 वर फोन करावा लागतो. मग माणसं येऊन जमिनीखाली काय गेलंय ते फुकट रंगवून जातात: गॅस पिवळा, वीज लाल, पाणी निळं. चरात पिवळी प्लास्टिकची नळी, तिच्या सोबतीला एक तांब्याची तार. प्लास्टिक यंत्राला जमिनीवरून सापडत नाही, तार सापडते. जमिनीवर येताना मात्र धातूची नळी, कारण उन्हात प्लास्टिक टिकत नाही. जोड तपासले ते हवा भरून, वायू नंतर सोडला.

आता भाचीची भाकरी. ज्योतीची उष्णता ठरते जेटच्या (बर्नरमध्ये वायू सोडणाऱ्या बारीक तोटीच्या) भोकावर, दाबाच्या वर्गमुळावर आणि वायूच्या स्वभावावर. हा स्वभाव मोजायचा तर वायूच्या घनमीटरमधल्या उष्णतेला त्याच्या सापेक्ष घनतेच्या वर्गमुळाने भागायचं. याला वॉबे निर्देशांक म्हणतात. नैसर्गिक वायूचा तो पन्नासच्या आसपास, सिलिंडरच्या गॅसचा ऐंशीच्या. त्यात आपल्याकडे सिलिंडरचा रेग्युलेटर सुमारे 30 मिलिबार दाब देतो आणि पाइपचा गॅस 21. गुणाकार केलात तर दिसेल की तेवढीच आच हवी असेल तर पाइपच्या गॅसला भोकाचं क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट लागतं. जुनाच जेट ठेवला तर आच निम्मी. भाचीकडे तेच झालं असावं. उलट, पाइपच्या गॅसचा जेट सिलिंडरवर लावलात तर पिवळ्या ज्वाळा आणि काजळी. म्हणून घरी सुई-ड्रिल घेऊन बसू नये.

विहीणबाईंनी विचारलं, उघड्यावर गळती झाली तर काय बिघडतं? उघड्यावर फारसं नाही, पण ओट्याखालचं कपाट उघडं नसतं. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. त्याचं वजन हवेच्या निम्म्याहून थोडंच जास्त, म्हणून तो वर साठतो. म्हणून झरोके वरच्या बाजूला हवेत. सिलिंडरचा गॅस हवेहून जड असतो, त्याला खाली. मिथेनला स्वतःचा वास नसतो. 1937 साली टेक्सासमधल्या न्यू लंडनच्या शाळेत असाच बिनवासाचा वायू साठून स्फोट झाला, जवळपास तीनशे जीव गेले, त्यात बहुतेक मुलं. वायूत तो घाणेरडा वास मिसळण्याची सक्ती त्यानंतर आली.

शेवटी प्लंबरने दाबमापक लावला. सगळे बर्नर बंद असताना सात इंच. मग मुलाने एकेक करत सगळे पेटवले आणि आकडा 6.8 वर येऊन थांबला. मी तोंडी हिशेब करून बघितला. अर्धा इंची टाकली असती तर तो 6.4 च्या खाली गेला असता. विहीणबाई तवा घेऊन बाहेर आल्या, ज्योत बघितली आणि भाचीला फोन लावला, "अगं, तुझ्या शेगडीचा जेट बदललाय का, आधी सांग."