ख्रिस्तनिष्ठा (ग्रामीण विदर्भ)

जात, भावकी, गावकी, पक्ष आणि सरकार या सगळ्यांच्या वर प्रभू येशूची आज्ञा मानून जगण्याची ख्रिस्ती वहिवाट. आईबापांवर माझ्यापेक्षा अधिक प्रीती करणारा मला योग्य नाही, हे येशूचे वचन (मत्तय १०:३७) तिच्या मुळाशी आहे. मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, असे पेत्राने यरुशलेमच्या न्यायसभेला सुनावले (प्रेषितांची कृत्ये ५:२९), तेही तिच्या मुळाशी आहे. रोमी साम्राज्यात सम्राटापुढे धूप जाळायला नकार देणाऱ्यांनी या निष्ठेपायी प्राण दिले. विदर्भाच्या खेड्यात सम्राट नाही. इथे विश्वासाचा कस लागतो तो पोळ्याला, तेरवीला आणि सोयरिकीच्या बोलणीत.

स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. पुढे वऱ्हाडात अकोला-खामगावकडे अलायन्स मिशन, यवतमाळकडे फ्री मेथॉडिस्ट, बुलढाणा-वाशीमकडे नाझरीन अशा मंडळ्या (चर्च) उभ्या राहिल्या. १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनच्या अनाथालयांत वाढलेल्या मुलांची घरे पुढे या मंडळ्यांत रुजली. कवी नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार (बायबलचा येशूविषयीचा भाग) पडला तो १८९३ मध्ये, नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत, एका युरोपीय सहप्रवाशाकडून. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पत्नी लक्ष्मीबाईंशी काही वर्षे ताटातूट झाली. टिळकांचे नाव झाले म्हणून हे लोकांना ठाऊक आहे. शेतमजुराच्या घरातली अशी ताटातूट कुठेच लिहून ठेवलेली नसते.

पोळ्याचा प्रसंग सगळ्यांत बोलका. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे लोणी-हळदीने शेकून ‘आज आवतण घ्या, उद्या जेवाले या’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी बैल धुऊन, शिंगे रंगवून, झूल घालून तोरणाखाली उभे करतात. झडत्या (पोळ्याची गाणी) होतात, महादेवाचा गजर होतो, पूजा होते. ख्रिस्ती शेतकऱ्याने काय करावे? कोणी बैल तोरणाखाली नेतो, पण पूजेच्या वेळी मागे सरतो. कोणी गोठ्यातच बैलांना गोडधोड चारून प्रार्थना करतो. कोणी तोरणाकडे फिरकतच नाही. मंडळीत यावर एकमत नाही, आणि पाळकाने (मंडळीच्या धर्मगुरूने) हुकूम सोडून ते होणारही नाही. मात्र बैलाला विसावा देण्याला बायबलचा विरोध नाही, उलट तशी आज्ञाच आहे. मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नये (अनुवाद २५:४) आणि सातव्या दिवशी बैलालाही विश्रांती मिळावी (निर्गम २३:१२), असे नियमशास्त्र सांगते. म्हणून जो पूजा करत नाही, त्याचा बैल पोळ्याच्या दिवशी जुंपलेला दिसू नये. निष्ठेची ही बाजू नकाराइतकीच महत्त्वाची आहे, आणि गावालाही ती आधी कळते.

मातामाय या गावदेवीच्या पूजेची वर्गणी हा दुसरा पेच. पूजेला पैसे न देणारा घरमालक शाळेची भिंत, विहिरीचा गाळ किंवा कोणाच्या दवाखान्याच्या खर्चासाठी हात सैल सोडतो, तेव्हा त्याचा नकार गावाला तुसडेपणा वाटत नाही. तेरवीला जावे, दुःखात बसावे, पिंडदान करू नये, अशी वाट बहुतेक जण काढतात. मेळघाटातल्या कोरकू आदिवासी ख्रिस्ती घराला हाच प्रश्न भूमका (गावचा पुजारी) आणि पडियार (मांत्रिक-वैदू) यांच्यासमोर पडतो. तिथे दुखणे आले की सगळे गाव त्यांच्याकडे धावते, आणि एकट्या घराने प्रार्थनेवर आणि दवाखान्यावर भरवसा ठेवायला फार धीर लागतो.

कागदाचा पेच सर्वांत कडू. संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५० च्या तिसऱ्या परिच्छेदानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. अनुसूचित जमातींना धर्माची ही अट नाही. परिणामी धर्मांतरित दलित कुटुंबाने मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जावर धर्म खरा लिहिला तर सवलत जाते, आणि लपवला तर रविवारी उपासनेत मन खाते. खरे लिहिणाऱ्याचा विश्वास मोठा आहे, यात शंका नाही. पण ज्याच्या पोराची फी थकली आहे त्याला दोष देण्याआधी मंडळीने ती फी भरायला पुढे यावे. एकट्या गरिबावर ही निष्ठा लादणे अन्याय आहे.

मंडळीच्या आतही हाच कस लागतो. ख्रिस्तात यहूदी-हेल्लेणी (ग्रीक), दास-स्वतंत्र असा भेद उरत नाही (गलतीकरांस ३:२८), हे वचन वाचणारी घरे सोयरीक जुळवताना अजून ‘मूळचे कोण’ विचारतात. बाहेरच्या मूर्तीपुढे हात न जोडणारा माणूस घरात जातीपुढे वाकला, तर त्याच्या नकाराला अर्थ राहत नाही. काही तरुण जोडप्यांनी मूळ न विचारता मंडळीत लग्ने लावली आहेत, आणि त्यांना आजही सर्वाधिक विरोध होतो तो ख्रिस्ती नातलगांकडूनच.

राज्याशी मात्र या निष्ठेचे भांडण नाही. कैसराचे (रोमी सम्राटाचे) कैसराला द्यावे या येशूच्या वचनाप्रमाणे सारा भरणे, मतदान करणे, ग्रामसभेला बसणे ही कर्तव्ये मानली जातात. निवडणुकीत पैसे घेऊन मत देणे आणि मंडळीचे गठ्ठा मत पुढाऱ्याला देऊ करणे, या दोन्हींना पाळक प्रवचनातून हटकतात.